फुलसावंगीचं तांबं

१२ जानेवारी १९५९
पैनगंगा कॉपर सिंडिकेटचा कॅम्प मॅनेजर म्हणून फुलसावंगीला चार्ज घेतला. मार्चमध्ये चेअरमनसाहेब येणार, त्यांना तांबं दाखवायचं. नाही दाखवलं तर सासऱ्यांच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायला परत. तो प्रश्नच येत नाही. संकल्प: पहाटे उठणे. विडी बंद.

१९ जानेवारी
ड्रिल सुरू. जवळच्या बंजारा तांड्याचे नाईक लालसिंग यांनी नारळ फोडला. जब्बार मिस्त्री म्हणाला, साहेब, तांबं लागलं त मले बी एक लोटा द्या. दुर्लक्ष केलं. विडी उद्यापासून बंद.

२ फेब्रुवारी
कोअर, म्हणजे ड्रिलच्या पाइपातून निघणारी दगडाची गोल कांडकी, सगळी काळी. नियमाने ती क्रमवार पेटीत ठेवायची असतात. पण पेट्या कमी आणि काळ्यात तांबं कुठून असणार? नाईकांच्या पत्नी मानीबाईंनी विचारलं, हे गोटे कायले पडू देता साहेब? वरवंट्याले लय झ्याक हायेत. म्हटलं, न्या. लोकांशी संबंध चांगले हवेत.

१७ फेब्रुवारी
हिरवं! कांडकं हिरवं आलं! घरच्या तांब्याच्या घंगाळावर हिरवा गंज चढलेला लहानपणापासून पाहतो आहे. जब्बार म्हणाला, तांबं त लाल राह्यते न? त्याला गंजाचं शास्त्र समजावलं. ऐकता ऐकता त्याने माझी विडी संपवली. नागपूरला तार केली. सासऱ्यांनाही.

५ मार्च
सगळ्यात मोठं हिरवं कांडकं गायब! प्रतिस्पर्धी कंपनीचा हात दिसतो. उद्याच चेअरमन येताहेत. उशिरा उठलो.

६ मार्च
चेअरमनसाहेबांबरोबर एक भूगर्भतज्ज्ञही आले. त्यांना काळी कांडकी हवी होती, तीही क्रमाने! तांड्यात नाईकांनी बोकडाचं जेवण घातलं. अंगणात वरवंटे पाहून तज्ज्ञ भरल्या ताटावरून उठले आणि घरोघर फिरले. यातलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, म्हणून विचारू लागले. तांड्यातली सुखीबाई म्हणाली, आंधी मिरची वाटली, मंग लसून. चेअरमन हसले नाहीत.
उरलेले हिरवे तुकडे तज्ज्ञांनी नखाने कोरले. म्हणाले, ही नुसती हिरवी माती आहे. असेल. तांबं त्या मोठ्या कांडक्यात होतं. ते सापडलं की यांची तोंडं पाहीन.

९ मार्च
कॅम्प बंद करण्याची तार आली. मोठं कांडकं अजून सापडलेलं नाही, हे त्यांना कळवलं. 

११ मार्च
सापडलं. मानीबाईंनीच आणून दिलं, निम्मं झिजलेलं. म्हणाल्या, हे तुमचं तुमाले राहू द्या साहेब. मिरची वाटाले घेतलं त याचंच पीठ झालं. सारी चटणी मातीत गेली. नाईक दोन दिस झाले बोलून नाई राह्यले माह्याशी.
जाताना एक काळं कांडकं हातात दिलं. बाईसायबाले न्या, पक्कं हाय.
सासऱ्यांचा निरोप आहे, सोमवारपासून काट्यावर. वरवंटा ट्रंकेत ठेवला. रिकाम्या हाताने परत जात नाही. जब्बारकडून विडी मागून घेतली.