बाणाच्या आतलं घर

धुळे, ९ फेब्रु. ८८
नाव मंजूर झालं. पंचशीलनगर. सुशोभन समितीचं म्हणणं, जुन्या वस्त्यांना पाट्या लावायच्या तर नावही जुनंच हवं, इतिहास थोडाच बदलता येतो! ते जुनं नाव मी इथेही लिहीत नाही. म्हटलं, सुतार गल्ली, कासार गल्ली खुशाल लिहा. ती नावं कोणी कोणाला हाक मारताना थुंकल्यासारखी वापरली नाहीत. चिटणीस चहा ढवळत राहिले, मग म्हणाले, "बाई, तुमच्याच गल्लीचं आहे. तुमच्या मनासारखं होऊ द्या." जणू माझा वाढदिवस होता.
पण जिंकले. देवपूरला घरी परत येताना पुलावर उगीचच थांबले.

१६ फेब्रु.
सगळ्या पाट्यांची रेखाटनं पक्की. वर नाव, मध्ये एक ओळ, खाली बाण. आमच्या पाटीवरची ओळ: 'गिरणी कामगारांची जुनी वस्ती'. शाळेत मुलींना अक्षरांमधल्या अंतराबद्दल एवढं बोलते, आणि 'पंचशील'मधला 'च' मला स्वतःला तीनदा पुसावा लागला.
खांब नकोत, हा माझा आग्रह. गल्ल्या अरुंद, खांबाला हातगाड्या धडकतात, वर सिनेमाची पोस्टरं चिकटतात. पाटी भिंतीवरच, गल्लीच्या तोंडाशी. समितीला पटलं. "कलावंताची नजर," चिटणीस म्हणाले. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

४ मार्च
पाट्या लागू लागल्या. कासार गल्लीची सुरेख दिसते. एक म्हातारे गृहस्थ खाली उभे राहून मोठ्याने वाचत होते, आपलं घर सापडल्यासारखे.

८ मार्च
आमची पाटी लागली नाही. माणसांनी भिंतीला चार भोकं पाडली आणि घरातून आवाज आला, थांबा.
गल्लीच्या तोंडाशी घर एकच, सुमनचं. म्हणजे तिच्या सासरचं. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तिचं लग्न झालं तेव्हा हीच भिंत मी रंगवली होती. गणपती, दोन्हीकडे हत्ती, मध्ये नवरानवरीची नावं. मी तेव्हा कॉलेजात होते. तिचे सासरे ओट्यावर बसून बघत होते. "हत्ती झकास काढलाय पोरीनं," म्हणाले. चहा आला. माझा तेवढा ओट्याखाली.
नावासाठी भांडले. भिंत कोणाची, हे एकदाही मनात आलं नाही. लहानपणी रोज तिच्यावरून शाळेला जात होते.

१० मार्च
स.कडे गेले. आता आत बसवते, वरणफळं खायला घालते. खोटं नाही त्यात काही.
"इंदे, नाव काही वाईट नाही गं. पण खाली तो बाण आहे ना. बाणाच्या आत आमचंही घर धरतील लोक."
"धरू देत की."
"तुझं काय जातं! मंजूला बघायला जळगावचे येतायत. तोंडाशी पाटी वाचली की ओटा चढायच्या आधीच मनात शंका. विचारणार नाहीत, नुसतं 'कळवतो' म्हणतील."
मग हात धरून, "लग्न होऊन जाऊ दे. मग एक सोडून दोन लाव."
स.ला मंजूनंतर धाकटी आहे. मंजू मला मावशी म्हणते, तीच पाणी घेऊन आली.
राग कोणावर काढू? स. म्हणते ते खरं आहे. लोक तसंच धरतील. तिने ते बनवलं नाही, फक्त त्यातली आपली भिंत वाचवली.

११ मार्च
बाण नसलेली पाटी काढून बघितली. छान दिसत होती. फाडली. बाण नाही म्हणजे पाटी ज्या भिंतीवर त्याच घराची, मग तर स. मुळीच नको म्हणेल. हसू आलं. मग मात्र वाटलं, मी हे काढूनच का बघितलं?

१३ मार्च
फुईकडे. वडिलांची ही बहीण अजून गल्लीतच राहते, देवपूरला ये म्हटलं की कानावर हात ठेवते. पाटी माणसं तिच्याकडेच ठेवून गेलीत. सगळं सांगितलं.
"नावसाठे लढनी. भीत कोनी शे, ते इचारं का?"
भिंत कोणाची ते नाही विचारलं, म्हटलं.
"बोर्ड नही तरी बठ्ठं गाव आपले वळखस. तेच तं दुखनं शे."
पाटीशिवायही सगळं गाव ओळखतं, हे खरंच.

२२ मार्च
चिटणीसांचे दोन पर्याय. एक, गल्लीच्या आत, फुईच्या घरापाशी लावू. म्हणजे जे तिथे राहतात त्यांना आपण कुठे राहतो ते कळेल. दोन, खांब. "तुमचाच नियम आहे बाई, पण तुमच्यासाठी मोडू."
बाकी सगळ्या भिंतीवर, आमची तेवढी खांबावर. माझा नियम सगळ्या धुळ्याला लागू, आणि आम्ही अपवाद. पुन्हा.
फुईला खांबाचं सांगितलं. "लांबथून दखाई," ती म्हणाली, "आनी लोक लांबथूनच फिरी जातीन."
दोन्हींना 'नाही' म्हणून कळवलं. बरोबर केलं का? खांब घेतला असता तर निदान नाव उभं राहिलं असतं. माझ्या अभिमानापायी गल्लीचं नाव अडलं, असंही कोणी म्हणू शकेल. मीच म्हणते आहे.

३० मार्च
पाट्यांचं उद्घाटन झालं. माझा सत्कार, नारळ, शाल. भाषणात सगळ्या वस्त्यांची नावं वाचली. आमचंही वाचलं. टाळ्या पडल्या. पाटी त्या वेळी फुईच्या दाराआड, भिंतीकडे तोंड करून.
शाल परत करायला हवी होती. घडी करून कपाटात ठेवली.

१० एप्रिल
स. पेढे घेऊन आली. मंजूचं जमलं, जळगावचेच. लग्न मेमध्ये. मला खरंच आनंद झाला, तिला मिठी मारली.
मग म्हणाली, "भिंतीला चुना देऊन ठेवते. तुझ्याशिवाय कोण काढणार? माझ्या वेळचे हत्ती होते ना, तसेच. रविवारी येतेस?"
तिच्या मनात काही काही नव्हतं. डोळे भरून आले होते तिचे. माझा हात चालतो त्या भिंतीला, नेहमीच चालला. "बघते," म्हटलं.
"बघते काय! मावशी ना तू तिची?"

१३ एप्रिल
उद्या जयंती. संध्याकाळी गल्लीत गेले, पताका लागल्यात. फुई आणि शेजारच्या बाया पाटी धुऊन पुसत होत्या. मिरवणुकीत हातात धरून नेणार म्हणे.
"भीत नही तं नही," फुई म्हणाली. "हात तं शेत ना! तू येस ना पुढे?"
हो म्हटलं. मिरवणूक स.च्या दारावरूनच बाहेर पडते. दर वर्षी ती ओट्यावर येऊन बघते, मला दिसली की हात करते.
परत निघताना भिंतीपाशी थांबले. चुना आजच दिलाय, पांढरी लख्ख. भोकं बुजवलेल्या चार जागी ओल अजून दिसते. माझा गणपती बरोबर त्यांच्या मध्ये येईल.
आत स.चा आवाज होता, मंजूवर कशावरून तरी ओरडत होती. हाक मारली नाही.
घरी येऊन गेरू शोधला. डबा अर्धा भरलेला निघाला. झाकण लावून टेबलावर ठेवलाय.