उंबऱ्यावरून उचललेली पट्टी

रशीदचाचा,

सलाम. तुम्ही जाऊन चाळीस दिवस झाले. आज तुमच्या चाळिसाव्याला औशाला आलो होतो. निघताना चाचींनी दारात थांबवलं. "साहेब, आखरीला एकच घोकून ऱ्हायले होते. पट्टी हलली, साहेबाला बोललो न्हाई." मग सगळं सांगितलं. घरी आल्या आल्या लिहायला बसलोय. इतका राग आलाय तुमचा!

भूकंपानंतरचा तो रस्ता आठवतो ना? नाल्याच्या पुलापासून, पडक्या गावावरून, नव्या वसाहतीपर्यंत. मी दुर्बिणीला डोळा लावायचा, तुम्ही लेव्हलची पट्टी उभी धरायची. दुर्बीण पुढे नेताना पट्टी जागची हलता कामा नये, नाहीतर पुढची सगळी उंची खोटी. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना!

आणि त्या दिवशी तुम्ही ती टेकवलीत पडलेल्या घराच्या उंबऱ्यावर. तेवढाच दगड घट्ट होता म्हणे. मी दुर्बीण उचलून पुढे निघालो, तेवढ्यात घरमालकीण कमळाबाई हळदीकुंकू घेऊन आल्या. घर गेलं, घरातली माणसं गेली, तरी बाई रोज उंबरा पुजायला यायच्या. त्या ताट घेऊन बाजूला थांबल्या. तुम्हालाच कसंतरी झालं. पट्टी उचललीत आणि शेजारी मातीत उभी केलीत. वीतभर खाली! मी लांबून आकडा वाचला, वहीत लिहिला, पुढे गेलो.

उचललीत ते ठीक. मीही उचलली असती. पण तोंड उघडायला काय झालं होतं? "साहेब, हलली," एवढंच!

संध्याकाळी मात्र मागे लागलात. "साहेब, वापस पुलापर्यंत मोजत जाऊ. आकडा जुळतो का बघू." मोजलं असतं तर चूक तिथंच सापडली असती. पण मला लातूर गाठायचं होतं. पोरीचं नाव मेडिकलच्या क्लासला घालायचं होतं, खिडकी बंद होणार होती. मी खेकसलो, "चाचा, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" तुम्ही पट्टी मिटलीत. मग सांगणार तरी कसं म्हणा!

गटारीचा उतार त्याच वहीवरून काढला. दर पावसाळ्यात पाणी नाल्याकडे जायचं सोडून वसाहतीत फिरतं, आणि पहिलं शिरतं कमळाबाईंच्याच नव्या घरात. मी गटार बांधणाऱ्या गुत्तेदाराला शिव्या घालत राहिलो. तुम्ही समोर बसून चहा पीत ऐकत राहिलात! धन्य आहे तुमची!

पोरगी डॉक्टर झाली तेव्हा औशात पेढे तुम्हीच वाटले होते. आज ते आठवून रडू आलं, चाचा.

सोमवारी ऑफिसात लेखी देतोय. उतार चुकलाय, वही माझी, सही माझी. पुन्हा लेव्हल घेईन, आणि मोजत मोजत पुलापर्यंत परत येईन. कमळाबाई विचारतील, असं कसं झालं? त्यांच्या उंबऱ्यापायी पट्टी हलली, हे त्यांना कधीच कळू देणार नाही. मला घाई झाली होती, एवढंच सांगेन.

तुमच्यावर अजून चिडलेला,
बसवराज