स्टुलाचा चौथा पाय

आदरणीय मेहुणे, अर्थात टेलरमास्तर, यांच्या सेवेशी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा सादर नमस्कार.

चपलांचं एक कपाट, मिटणाऱ्या दोन खुर्च्या (एक मिटते, दुसरी मिटली की उघडत नाही), न्हाणीघराच्या दाराची कडी आणि एक स्टूल, एवढ्या वस्तू मी कोणाही गुरूवाचून स्वतःच्या हातांनी बनवल्या, हे आपण जाणताच. त्यात आता ब्लॉगची भर पडली आहे. तोही हातानेच, म्हणजे दोन बोटांनी. आपला गुडघा कसा आहे? त्याच्यामुळे हल्ली आपण रविवारी येत नाही असं कळलं. (बुधवारी आपल्या भगिनींनी आपल्याला बसमागे धावताना पाहिलं, पण तो दुसरा गुडघा असेल.) वहिनींना नमस्कार. फोन आपण उचलत नाही, म्हणून कागद घेतला.

ब्लॉगची हकिकत अशी. ऑफिसातल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "एवढं सांगत असता, तर लिहून ठेवा ना! ज्याला हवं तो वाचेल." (यातला 'ज्याला हवं तो' नंतर माझ्या लक्षात आला.) मी 'स्वहस्ते' नावाचा ब्लॉग काढला आणि तो चार लोकांपर्यंत पोचावा म्हणून एका नव्या सोशल साइटवर नाव नोंदवलं. ती रोज सकाळी विचारते, 'तुमच्या मनात काय चाललं आहे?' घरात इतक्या आपुलकीने मला कोणी विचारलेलं आठवत नाही. मी पहिल्याच दिवशी स्टुलाच्या चारही पायांची मापं सुतापर्यंत सांगितली. उत्तरादाखल एक अंगठा आला. तो आपल्या भगिनींचा होता, आणि चुकून लागला होता, असं त्यांनीच सांगितलं.

मग 'स्पष्टवक्ता' अवतरला. खरं नाव नाही, फोटोच्या जागी कात्री. त्याची पहिली कॉमेंट: 'फोटोत स्टुलाचे तीनच पाय का?' मी 'आपले कृपापत्र पावले' अशी सुरुवात करून, प्रकाशाच्या अभावी चौथा दिसत नसल्याचं नम्रपणे कळवलं. तर म्हणतो, 'अभाव प्रकाशाचा नाही, उंचीचा आहे. खाली पुठ्ठा आहे.' मास्तर, जगाला पुठ्ठ्याचं काय माहीत? लाकूड हवेने कसं आकसतं यावर मी चार परिच्छेद लिहिले (त्यातला तिसरा आजही वाचण्याजोगा आहे). त्याचं उत्तर एका ओळीत: 'कापतानाच माया ठेवायची असते.' वाद असा रंगला की वाचक नऊवरून नऊशेवर गेले, आणि आमचे मोठे साहेब मला जिन्यात गाठून विचारू लागले, "काय हो, आज कोण वरचढ?" घरात मात्र आपल्या भगिनी करवादल्या, "अहो, तो माणूस खरंच बोलतोय! रोज त्या स्टुलावर बसून भाजी मी निवडते, मला विचारा की!"

शेवटी त्याने लिहिलं, 'या गृहस्थांनी स्टूल मोडून फळी करावी. फळीला पाय मोजावे लागत नाहीत.' याला शंभरावर अंगठे पडले. त्यात एक आपल्या भगिनींचा होता, आणि तो चुकून लागलेला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी त्याला ब्लॉक केलं.

विजयाचा आनंद चहा निवेपर्यंत टिकला. वाचक पांगले. आता फक्त एक स्क्रूविक्रेता येतो आणि कशावरही 'छान सर' लिहून जातो. साहेब म्हणतात, "बंद पडला का हो तुमचा आखाडा?" रविवारी संध्याकाळी आपल्या भगिनी सवयीने तीन कप मांडतात आणि एक उचलून पुन्हा फडताळात ठेवतात. माझ्याशी त्यांचं बोलणं किराणा या एकाच विषयावर उरलं आहे. असो. एका अनोळखी माणसापायी आपला फार वेळ घेतला.

आपला,
बहिणीचा (अजून तरी) नवरा

ता. क. : 'माया' सुतार ठेवत नाही, मास्तर. ती शिंपी ठेवतो, शिवणीसाठी, कापडात. आणि पँटवर चहा सांडला म्हणून तो पुठ्ठा स्वतः घडी घालून स्टुलाखाली सारणारा माणूस या जगात एकच आहे. मला ओळखायला जरा उशीर झाला. ब्लॉक केल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आपला गुडघा दुखू लागला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

ता. क. २ : ब्लॉक काढला आहे. कालच चौथ्या पायाचा फोटो टाकला, पुठ्ठ्यासकट. रविवारी टेप घेऊन या, स्वतः मोजा, आणि मग काय वाटेल ते लिहा. आपल्याशिवाय त्या ब्लॉगवर मला करमत नाही. घरात तर नाहीच नाही.

ता. क. ३ : वाद भरात असताना तयार फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीने ब्लॉगवर जाहिरात लावू का, असं विचारलं होतं. अट एकच होती, स्पष्टवक्त्याच्या सगळ्या कॉमेंट पुसून टाकायच्या. ब्लॉक केल्यावरही त्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणून कळवलं. आपल्या भगिनींना यातलं काही माहीत नाही, आपणही बोलू नका. रक्कम होती दरमहा दोन हजार सातशे पन्नास.