भिंतीवरची पेटी

२ मार्च
पुन्हा खळ्ळ! स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकलेली ती पत्र्याची दानपेटी. माहेरीही होती, सगळ्याच ज्यू घरांत असते — शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्याआधी एक नाणं टाकलं की झालं. इथे सासऱ्यांच्या वेळेपासून जादा नियम: कुणाबद्दल वाईट बोललं गेलं, की बोलणाऱ्याने गरिबांसाठी नाणं टाकायचं. सासूबाई दिवसातून कितीदा टाकतात! म्हणजे दार लावून फोनवर नणंदेपाशी माझी उणीदुणी काढायची, आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं. शी!

४ मार्च
पाचवा महिना लागला तरी वासाने ढवळतंच. पेटीची फट लसणीच्या हातांनी काळी झालीये. आज बहिणीला फोन करून मनातलं सगळं ओकले. बाहेर येते तर सासूबाई पेटीपाशी उभ्या!
"कुणाला बोललात?" विचारलंच मी.
"कुणाला नाही गं."
तोंडावर खोटं!

८ मार्च
सिनेगॉगचे पेटीवाले काका आले. जेवणाच्या टेबलावरच पेटी उपडी केली — ओशट, गंजका ढीग! नाकात घातलेल्या बोटांनीच आवरला. "तुमच्यासारखं देणारं घर नाही!" सासूबाईंनी मान खाली घातली. ढोंग नुसतं. टेबल दोनदा पुसलं तरी तो वास जाईना.

९ मार्च
नवऱ्याला बाथरूममध्ये नेलं, नळ सोडला. "एक तर त्या, नाहीतर मी. तुझ्या ताईंकडे पाठव त्यांना." आणखीही बोलले — ते इथे लिहवत नाही. "बरं," म्हणाला, पडेल चेहऱ्याने. दार उघडतोय तोच — खळ्ळ! ऐकत होत्या तर! आणि मनातल्या मनात मला शिव्या घालत असणार.

१२ मार्च
गेल्या एकदाच्या. भांडल्या नाहीत. पेटीखाली वाटीभर नाणी ठेवून गेल्या. "लागतील तुला," म्हणे. जाता जाताही टोमणा! त्या वाटीला हात लावायचीसुद्धा किळस येते.

१३ मार्च
नणंदेचा फोन. "अगं, आई सारखी विचारतेय, तू टाकतेस ना? तू कुणाला काही बोललीस की तुझ्या वाटचं नाणं तीच टाकायची. पोटातल्या बाळाला तुझे शब्द लागू नयेत म्हणून."
ही वही पहिल्यापासून वाचून काढली. वाटी पुरायची नाही.