बॅटरीवरची रेल्वे आणि त्रिंबकची खिडकी

८ मार्च २०१६, मंगळवार. सकाळी ७.

शिवरात्र झाली, आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाचा इतिहास माणूस काम संपल्यावर लिहितो आणि मग त्यात स्वतःची स्तुती घुसते. रोजच्या रोज लिहिलं की निव्वळ फॅक्ट राहतात.

काम: अंगणातली रेल्वे बॅटरीवर आणि रेडिओ रिमोटवर नेणे. मुदत: पंधरा दिवस.

रेल्वे हैदराबादच्या जावईबापूंनी दिलेली. हातभर इंजिन, मागे कोळशाचा डबा, चार प्रवासी डबे, अंगणाला वळसा घालणारे पितळी रूळ. करंट रुळांतून चाकांत जातो. हैदराबादला जात असेल. परळीत रुळांवर राख बसते. पाण्याअभावी वीज केंद्र बंद आहे, पण राखेच्या टेकड्या कुठं जाणार. वारा सुटला की राख अंगणात आणि गाडी चार फुटांवर थांबलेली. ओल्या फडक्यानं रूळ पुसले की एक फेरी होते.

आज उमानं ते फडकं हातातून ओढून घेतलं. म्हणाली, प्यायच्या पाण्याला आठ आठ दिवस टँकरची वाट बघायची अन् तुमी लोखंडाला आंगूळ घालताव. ते पितळ आहे, हे मी निदर्शनास आणलं. तिनं दखल घेतली नाही.

म्हणून बॅटरी. इंजिनाची वीज इंजिनातच. रूळ कितीही घाण राहोत.

८ मार्च. संध्याकाळी.

त्रिंबकला सांगून आलो. शेजारीच राहतो. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होता. जानेवारीत टँकरच्या रांगेत पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. खाट आमच्या अंगणाकडच्या खिडकीला लावली आहे. दिवसभर बघायला माझी रेल्वे सोडून दुसरं काही नाही. गाडी अडकली की आतून ओरडतो, सिग्नल न्हाई का बे. तेवढंच त्याचं हसणं.

त्याची मुलगी वच्छला त्याला चौसाळ्याला नेणार आहे, अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी. बायको नाही, घरात पाणी नाही, करणारं कोणी नाही. ठीकच आहे. पण चाळीस वर्षांचा शेजार. त्यानं विचारलं, जायच्या आधी एक फेरी पुरी बघायला मिळंल का. मी म्हणालो, एक काय, शंभर. नॉनस्टॉप.

शब्द दिला आहे. मुदत मुबलक आहे.

१० मार्च.

इंजिन उघडलं. स्क्रू एकतीस. साखर कारखान्याच्या स्टोअरला पस्तीस वर्षं होतो. मोटारीच्या इतक्या पावत्या फाडल्या की मोटार कशी चालते ते कोणी शिकवायची गरज राहिली नाही.

बंद करताना स्क्रू सव्वीस. इंजिन हलकं झालं.

१३ मार्च, रविवार.

एकट्याच्या भरवशावर मोठं काम टिकत नाही, सहकारच पाहिजे. ‘वैजनाथ लघुरेल्वे हौशी सहकारी संस्था मर्यादित (नियोजित)’ स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिव चन्नप्पा, कोपऱ्यावरचा किराणावाला. उमाला महिला राखीव जागेवर बिनविरोध घेतलं. तिला कळवायचं आहे.

सभा चार वाजता. चन्नप्पा गिऱ्हाइकात अडकला, उमा टँकरच्या रांगेत. गणसंख्येअभावी सभा तहकूब केली. अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. उपस्थित: मी. सर्व ठराव एकमतानं मंजूर.

सभेमुळे उमाच्या मदतीला जाता आलं नाही. आठ घागरी तिनं एकटीनं आणल्या. सहकारात कुटुंबाचा त्याग असतोच.

१९ मार्च.

बॅटरी बसवली. स्कूटरची. भक्कम. ती ठेवताच पहिल्या डब्याचा आस वाकला. इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं. म्हणजे ताकद आहे, प्रश्न फक्त पुढं जाण्याचा आहे.

स्कूटर बंद. पाण्याचे जार आणायला उमा चालत गेली. येताना खिडकीतून त्रिंबकनं तिला विचारलं, गाडी कुठवर आली. ती म्हणाली, स्कूटर गेली, आता गाडी काय करती बगू.

२७ मार्च.

छोटी बॅटरी आली. पुण्याहून रिमोटचं सामान पण. त्यातलं एक यंत्र हातात धरायचं, दुसरं, काडेपेटीएवढं, इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात बसवायचं. त्याला रिसीव्हर म्हणतात. सोबतचा कागद वाचला नाही. कागद नवख्यांसाठी असतात.

पंधरा दिवस संपले. सभा घेऊन मुदतवाढ दिली. (तहकूब, मग मंजूर.)

३ एप्रिल.

दुपारी वारा नव्हता. जुनी पद्धत आणि नवी पद्धत यांची तुलना करावी म्हणून रुळांतही करंट सोडला. चाकांपासून मोटारीपर्यंतच्या जुन्या वायरी तोडायच्या असतात, असं त्या कागदावरच्या एका चित्रात नंतर दिसलं. रिसीव्हरमधून धूर निघाला. चन्नप्पा दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, आता खरं वाफेचं इंजिन वाटतंय.

सचिवानं अशी भाषा वापरू नये. समज देण्याचा ठराव केला.

त्रिंबकनं धूर बघून टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं निघाली.

८ एप्रिल. पाडवा.

नवा रिसीव्हर मागवला आहे. नव्या वर्षाचा संकल्प: कागद वाचणे.

१३ एप्रिल.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पेपरात फोटो आहे. उमाला दाखवलं, म्हणालो बघ, दुष्काळात रेल्वेच कामाला येते. ती म्हणाली, ती पाणी आणती, तुमची पाणी पिती. मी रूळ पुसणं कधीच बंद केलं आहे, पण बायकांच्या डोक्यात एकदा गेलेलं निघत नाही.

२० एप्रिल.

कागद वाचला. इंग्रजीत आहे, चित्रं चांगली आहेत.

२८ एप्रिल.

गाडी हलली. पुढचं बटण दाबलं की मागे जाते आणि मागचं दाबलं की पुढे. टेक्निकल दृष्ट्या दोन्ही दिशा सिद्ध झाल्या.

उमानं वायरींची अदलाबदल करायला सुचवलं. मी म्हणालो, इतकं सोपं नसतं. ती टँकरला गेल्यावर अदलाबदल केली. आता बरोबर आहे. हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

६ मे, शुक्रवार. दुपारी २.

पूर्ण फेरी. एक नाही, अकरा. राखेनं माखलेल्या रुळांवरून. मी ओट्यावर, रिमोट हातात, आणि ती बया अंगणाला गोल फिरतीय. डोळ्यांत पाणी आलं. घरात तेवढंच फुकटचं.

त्रिंबकनं आवाज ऐकला. म्हणाला, गुरुपाद, चादर कावून लावलीस बे. खरंच लावली होती, खिडकीसमोर, दोरीवर. कारण सरळ आहे. उद्घाटनाच्या आधी जनतेला खुलं करणं पद्धतीत बसत नाही. कारखान्यात नवा वजनकाटा दोन महिने झाकून ठेवला होता, मान्यवर मिळेपर्यंत. ऊस बाहेर वाळत होता, पण पद्धत म्हणजे पद्धत.

उमा म्हणाली, त्याला आत्ता दाखवा. तो चार दिवसांचा हाय इथं. मी म्हणालो, दाखवणारच, पण रीतीनं. तिनं घागर आपटून ठेवली. ते बरं लक्षण नसतं.

८ मे.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त, सकाळी नऊ. हस्ते: मोहनराव, कारखान्याचे माजी व्हाइस चेअरमन. हार, फीत, नारळ तयार. कोळशाच्या डब्याचं झाकण उघडं ठेवायचं ठरवलं, आतलं तंत्रज्ञान मान्यवरांना दिसावं म्हणून. वॉटरप्रूफ करण्याचं त्या कागदात लिहिलं होतं. दोन वर्षं पाऊस नाही, म्हणून तो भाग गाळला.

उद्याचं भाषण पाठ आहे. सतरा मिनिटं.

९ मे, सोमवार. संध्याकाळी.

क्रमानं लिहितो.

नऊला सगळं तयार. मोहनराव नाहीत. दहाला नाहीत. त्रिंबकला वच्छलानं खिडकीत, चादरीमागं, उशा लावून बसवलं होतं. त्यानं गार्डाची जुनी टोपी घातली होती, हातात हिरवी झेंडी. अकराला तो उकाड्यानं कासावीस झाला, पण झोपेना. उमानं दोनदा सांगितलं, चादर काडा अन् गाडी सोडा. मी म्हणालो, पाहुणे आल्यावर काय दाखवायचं.

मोहनराव पावणेबाराला आले. हार इंजिनाला आणि त्यांना. भाषण माझं नाही, त्यांचंच झालं. पाणी या विषयावर. एक थेंबही वाया घालवू नका म्हणाले. मग नारळ फोडला, अर्धी वाटी उचलून दोन थेंब इंजिनावर शिंपडले, आणि उरलेलं सांडू नये म्हणून सगळंच, अगदी जपून, उघड्या कोळशाच्या डब्यात ओतलं.

टाळ्या झाल्या. मी चादर काढली. त्रिंबकनं झेंडी वर केली. बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

मोहनरावांना धर्मापुरीला लग्न होतं, ते निघाले. चन्नप्पानं पेढे वाटले. त्रिंबकची झेंडी बराच वेळ वर होती. मग वच्छलानं ती हातातून काढून घेतली.

मी पुष्कळ फुंकर मारली. उन्हात ठेवलं. त्या काडेपेटीएवढ्या यंत्राला आता नारळाचा वास येतो, बाकी काही नाही.

शुक्रवारी दाखवता आली असती. मध्ये फक्त एक चादर होती. आज जेवलो नाही. उमानं आग्रह केला नाही, पण ताट झाकून ठेवलंय.

१० मे, मंगळवार. सकाळी ११.

सात वाजता जीप आली. मी घरातच होतो. संस्थेच्या कामात होतो असं लिहिणार होतो, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती.

उमा आत आली. म्हणाली, चला, गाडी सोडायचीय. मी म्हणालो, रिसीव्हर गेलाय. ती म्हणाली, तुमी हाव ना.

मी काय केलं ते लिहायलाच पाहिजे. अंगणात गेलो, धोतराचा काचा मारला आणि गुडघ्यांवर बसून गाडी मागून ढकलत निघालो. सहासष्टाव्या वर्षी. उमा ओट्यावर उभी राहून सांगत होती: हळू. वळण हाय. तुळशीपाशी पाच मिंटं थांबा. आता सोडा. रस्त्यावरची माणसं कंपाउंडला टेकून बघत होती. त्यात चन्नप्पाही होता, दुकान उघडं टाकून आलेला.

पूर्ण फेरी झाली. मग त्रिंबकनं झेंडी हलवली म्हणून दुसरी. तिसऱ्या फेरीला गाडी रुळावरून घसरली आणि मीही. तो इतका हसला, इतका, की वच्छला घाबरून पाणी घेऊन धावली. जानेवारीपासून तो असा हसला नव्हता.

तांत्रिक निष्कर्ष: गाडी रुळातल्या करंटशिवाय चालली, नियंत्रण लांबून झालं. दोन्ही उद्दिष्टं साध्य.

त्याला खाटेसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. एक पाय मीही धरला होता, खाटेचा. त्यानं माझं मनगट पकडलं. गुडघ्यांची सालटं निघालेली बघितली. म्हणाला, चार महिने मी हितं पडून हाय. हे आदीच कावून न्हाई केलंस बे.

जीप गेली. परत येऊन संस्थेचं इतिवृत्त पहिल्या पानापासून चाळलं. बावीस ठराव आहेत, सगळे एकमतानं मंजूर. त्याच्या प्रश्नाचं उत्तर एकातही नाही.