गिअरबॉक्सला सोसेल तेवढंच

मी, किशनराव तुकाराम गायकवाड, वय एकोणसत्तर, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, सकाळी त्रिसरण म्हणून, चहा पिऊन, कुणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. कारखान्यात जॅक सरकला तेव्हा तो गेला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी पंचफुला हिची. तिच्या हयातीत घर विकायचा विषय कुणी काढू नये, गमतीतसुद्धा नाही.

२. माझी हत्यारं मुलगी रेणुका हिला. ती बँकेत नोकरी करते, पाना धरायचं तिला कारण नाही. पण वस्तू पुसून जागच्या जागी ठेवणारी या घरात ती एकटीच.

३. मोटारीचा जाड दोर शेजारी नामदेवराव यांना. गौलीगुड्याला माझी मोटार बंद पडली तेव्हा "न्यूट्रल में डालो किशनराव, खींच लेंगे, कुछ नै होता" म्हणत त्यांनी याच दोराने ती घरापर्यंत ओढली. साध्या गाडीला ते चालतं. माझी मोटार ऑटोमॅटिक; तिचं इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, चाकं मात्र फिरत राहतात. आतलं सगळं करपलं. सुटे भाग मिळेपर्यंत वर्ष गेलं आणि मी दारात बसून राहिलो. माणूस जिवाला जीव देणारा आहे, म्हणून भांडताही आलं नाही. आता दोर त्यांनी कपडे वाळत घालायला वापरावा.

४. आता मोटार. कारखान्यातला परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती मला देऊन गेला, कारण तिला क्लच नाही. एका पायाने चालवता येईल अशी दुसरी मोटार तेव्हा या शहरात मला कुणी दाखवली नाही. तिच्यामुळे मी कुकटपल्लीला कामावर जाऊ शकलो, रेणुकाला कॉलेजात सोडलं, पंचफुलाला नांदेडला माहेरी नेलं. निघण्याआधी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी पंचफुला हुंगायची. "जळका वास नाही, चला," असं ती म्हणाली की निघायचं.

बाजार खुला झाला आणि सुट्या भागांचं दुकान चालवणारा माझा मुलगा धम्मानंद एक जुनं जपानी इंजिन घेऊन आला. एकशे साठ हॉर्सपॉवर. आमचं मूळचं नव्वदचं.

"बाबा, कंपनीवाले मार्जिन ठेवतातच की. बिनधास्त बसवू. कुछ नै होता."

"कंपनीच्या गिअरबॉक्सला मी एकशे वीसपर्यंत हो म्हणेन," मी म्हणालो, "तेही पाय हळू असेल तर. त्यापुढे आतल्या प्लेटा घसरतात, तेल काळं पडतं. आणि ते मार्जिन माझ्या पायाचं आहे, तुझ्या हौसेचं नाही."

तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. मला फार वाईट वाटलं, पण पुन्हा दारात बसून राहायची भीती त्याहून मोठी होती. इंजिन अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. पंचफुला त्यावर पापड वाळवते.

गेल्या आठवड्यात रेणुकाने नवी, आपल्याच देशात बनलेली ऑटोमॅटिक मोटार दारात आणून उभी केली. सुटे भाग कधीही मिळतील, असं शोरूमवाल्याने सांगितलं. मी एक चक्कर मारली आणि पायरीवर बसून रडलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक चढावर मी कान लावून गिअरबॉक्स ऐकत आलो. काल गाडीत रेडिओ लावला.

म्हणून जुनी मोटार, गिअरबॉक्ससह, धम्मानंदला. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, असं वकीलसाहेब म्हणतात. हे कलम तेवढं थांबणार नाही. किल्ली त्याला आजच देत आहे. धम्मा, बसव तुझं एकशे साठ. जळला गिअरबॉक्स तर जळू दे. फक्त पहिल्या फेरीला मला शेजारी बसव. किती सोसतो ते मलाही बघायचंय.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदारांनी माझ्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

(सही) किशनराव तुकाराम गायकवाड

साक्षीदार:
(सही) हिम्मतराव वाघमारे
(सही) अनुराधा देशपांडे

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१४ नोव्हेंबर १९९८