‘पहिला बार’ आणि माझा बहिष्कार

२ डिसेंबर २०२५, मंगळवार
सुरुंगचं नवीन गाणं आलं. थ्रॅश मेटलच्या गाण्यात संबळ. मागे हलगी. तीन तासांत दोन लाख लोकांनी ऐकलं, म्हणजे काय दर्जाचं असेल ते समजावं.

आजपासून बहिष्कार. ही वहीही आजपासून. कोणाला दाखवायची नाही, पण तारखा नीट असलेल्या बऱ्या.

नोंद असावी म्हणून: सुरुंग हा संगमनेरचा पहिला आणि एकमेव थ्रॅश मेटल बँड, म्हणजे सुसाट वेगाचा, कानठळ्या बसवणारा रॉक. सुनील गिटार वाजवणार आणि किंचाळणार, मी ड्रम्स. प्रॅक्टिस त्याच्या वडिलांच्या पोल्ट्री शेडमध्ये. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, इतकं अस्सल वाजायचं. २०१५ साली सुनीलने गणपती मंडळाची सुपारी घेतली. त्याच दिवशी मी ड्रमच्या काठ्या खाद्याच्या पोत्यावर ठेवल्या आणि एक शब्दही न बोलता निघून आलो. तत्त्वाचा प्रश्न होता. त्याच महिन्यात डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तो योगायोग.

सुनील माझी समजूत काढायला येणार हे नक्की. दहा वर्षं झाली. पुण्यात असतो, वेळ मिळत नसेल.

५ डिसेंबर, दुपारी
‘अस्सल सुरुंग’ ग्रुपवर (ॲडमिन मी, सभासद सतरा) ठराव मांडला: बँड कमर्शियल झाला आहे.

पारनेरची निकिता, बीएस्सीला आहे, तिने लिहिलं की आधी दीडशे लोक ऐकायचे, आता लाखांनी ऐकतात, पण राग तोच हाय. तिच्या आजीला पहिल्यांदा शब्द कळले म्हणे. मी लिहिलं, आजीला कळतं ते थ्रॅश नसतं. त्यावर तिने विचारलं, दादा, तुम्हाला बँड चालायला हवाय का बंद पडायला?

याला माझ्याकडे मुद्देसूद उत्तर होतं. तेवढ्यात दुधाचा टँकर आला.

संध्याकाळी: निकिताला काढून टाकलं. चौदा जण आपणहून गेले. रंगनाथ राहिला. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, माझा वर्गमित्र. तो फोन करून म्हणाला, गाणं लई भारी हाय पंक्या, पण तू म्हणशील ते.

६ डिसेंबर
विरोध करायचा तर अभ्यास पाहिजे. लॅबमध्ये हेडफोन लावून गाणं अकरा वेळा ऐकलं. पुराव्यासाठी.

निष्कर्ष: आमच्या ‘पहिला बार’ या गाण्यात मिनिटाला दोनशे ठोके होते. यात एकशे बारा. हा वरातीचा वेग आहे. मी रोज शंभर कॅन दुधाचं फॅट तपासतो, पाणी घातलेलं मला बघताक्षणी कळतं.

ऐकताना पाय हलत होता. लॅबमध्ये गारठा फार असतो.

१० डिसेंबर
सुटका नाही. टँकरवाल्याच्या केबिनमध्ये तेच. शेजारच्या काकूंच्या फोनला तेच, आणि त्या फोन लवकर उचलत नाहीत. सकाळी दाढी करताना मीच गुणगुणत होतो. बायकोने, म्हणजे वृषालीने ऐकलं. म्हणाली, हे तेच ना, तुमच्या बहिष्कारातलं? मी म्हणालो, शास्त्रीय रागातलं आहे. कोणता राग ते तिने विचारलं नाही, नशीब.

१३ डिसेंबर
आमच्या मुलीच्या, संस्कृतीच्या शाळेत जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. तिसरीच्या वर्गाचा डान्स त्याच गाण्यावर बसवला आहे. बाईंना भेटून तात्त्विक हरकत नोंदवली. बाई म्हणाल्या, पालकांनी फक्त काळे कपडे पाठवायचे आहेत.

१४ डिसेंबर, रविवार
पोरगी संबळ सुरू होतो तिथे दरवेळी एक मात्रा आधी उडी मारते. रडायला लागली. वृषाली म्हणाली, घरात ड्रमर असून काय उपयोग.

फक्त मोजायला शिकवीन, गाणं शिकवणार नाही, अशी अट घातली. पिठाचा रिकामा डबा घेतला. दहा वर्षांनी वाजवत होतो. मनगटं अजून चालतात. दोन तास कसे गेले कळलं नाही. खालच्या मजल्यावरचे उत्तमराव वर आले, तक्रार करायला असतील असं वाटलं, तर म्हणाले, वाजवा की, थांबला का?

बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. पण हे गाण्यामुळे नाही.

१९ डिसेंबर
मोठी बातमी. सत्तावीस तारखेला सुरुंगचा कार्यक्रम, संगमनेरमध्येच. म्हणजे सुनील येणार. गावात येऊन मला न भेटता जाईल हे शक्यच नाही.

तयारी: पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही, पण जरा नरम. तिसऱ्यांदा, तू एवढं म्हणतोयस तर, म्हणून उठायचं. आपल्याकडे पहिल्या हाकेला पाटावर बसणारा हावरट ठरतो.

वृषालीला सांगितलं. तिने विचारलं, आणि त्याने एकदाच विचारलं तर? तिला बँडमधलं काही कळत नाही.

बँडचा जुना काळा टी-शर्ट अंगात जातो. बाहेर निघत नाही. कात्री लागली.

२४ डिसेंबर
कालपासून रजेवर. बाहेर पडलो आणि तेवढ्यात तो आला तर? म्हणून घरातच. भाजी आणायलाही गेलो नाही. बेल चार वेळा वाजली: गॅस, कुरिअर, उत्तमराव, उत्तमराव.

२५ डिसेंबर
घरात. डबा वाजवला, ‘पहिला बार’ पूर्ण. दोनशेचा वेग गाठला, शेवटी हात भरून आले. ग्रुपवर आता मी आणि रंगनाथ. रंगनाथने विचारलं, परवा जाऊ का रे कार्यक्रमाला, तिकीट काढलंय. सांगितलं, वाट बघ, परिस्थिती बदलू शकते.

२६ डिसेंबर, सकाळी ११:४०
सुनील आला.

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो. केस पांढरे झालेत. पेढे आणले होते. चहा घेतला, संस्कृतीला जवळ घेतलं. मग म्हणाला, पंकज, उद्या ‘पहिला बार’ वाजवू. ड्रमवर तू बस. आमचा ड्रमवाला पोरगा त्या गाण्यापुरता उठतो, त्याला सांगून ठेवलंय. दहा वर्षांत ते गाणं आम्ही एकदाबी वाजवलं न्हाई.

मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, नाही. जमणार नाही.

त्याने उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, मला वाटलंच हुतं. मागंबी तू नोकरी, घरचं बघून सोडलंस. तवा लई वाईट वाटलेलं, पण मी पोरांना बजावून ठेवलं, पंक्याला कुणी आग्रह करायचा न्हाई, त्याला अडचण असंल. आत्ताबी करत न्हाई.

नोकरी बघून. दहा वर्षं मी तत्त्वासाठी रुसून बसलो आणि त्याला वाटलं मी कामाला लागलो.

तीन पास ठेवून उठला. जिन्यात वळेल, चप्पल घालताना वळेल, गाडीचं दार उघडताना वळेल म्हणून मी गॅलरीत उभा होतो. त्याने वर बघून हात केला. मीही केला. गाडी गेली.

वृषाली पेढ्यांचा पुडा सोडत होती. पहिला पेढा तिने माझ्या हातावर ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२६ डिसेंबर, सायंकाळी ५
विचारांती सुनीलला मेसेज केला: तू एवढा आग्रह करतोयस तर येतो.

सायंकाळी ६:१०
उत्तर आलं. आग्रह कुठं केला रे, तू अजिबात वडातान करू नगंस. गाण्यांची यादी दुपारीच लावली, वेळ बांधून दिलाय, प्रॅक्टिसबी उरकली. ‘पहिला बार’ काढून टाकलं. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, पंक्या न्हाई तर ते गाणं न्हाई. उद्या पोरीला घेऊन ये.

खाली लाल बदाम.

२७ डिसेंबर, शनिवार
गेलो. संस्कृतीने पास हातात धरून ठेवले होते, पर्याय नव्हता.

मैदान भरलं होतं. पुढच्या रांगांत आज्या, मधे कॉलेजची पोरं, मागे टँकरवाला. नवीन ड्रमर चांगला आहे. जुनं एकही गाणं नाही. चाळीस मिनिटं संबळ, हलगी, टाळ्या. नवीन गाण्याला संस्कृतीने बरोब्बर मात्रेवर उडी मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. खिसे हलत होते असं वृषालीचं म्हणणं.

कार्यक्रम संपल्यावर गेटपाशी काळ्या टी-शर्टमधल्या चार मुली आडव्या आल्या. एक म्हणाली, तुम्ही ॲडमिन ना? मी निकिता. पारनेरवरून आलेय. ग्रुपमधून काढल्याचा विषयही तिने काढला नाही. डोळे भरलेले होते. म्हणाली, दादा, आम्ही फक्त ‘पहिला बार’साठी आलो होतो. दोन एसट्या बदलून. काल सकाळी त्यांनी पोस्ट टाकली हुती की वाजवणार, मग का न्हाई वाजवलं हो?

वृषाली माझ्याकडे बघत होती. रंगनाथही.

मी म्हणालो, कमर्शियल झालेत ते.

निकिताने डोळे पुसले. मग म्हणाली, तुमचंच खरं हुतं दादा, मी उगाच भांडले.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी माझं पटलं. घरी येईपर्यंत मला कोणाशी बोलवलं नाही.